रात्रीचं शूट, दुपारचं रील
वाचकांचे प्रश्न : क्लब आणि फेस्टिव्हलची व्हिडिओग्राफी

ऑक्टोबर उजाडला की या विषयावरची पत्रं वाढतात. गरबा, दिवाळीच्या पार्ट्या आणि मग गोव्याचा डिसेंबर असा हा हंगाम. बरीच पत्रं ‘कोणता कॅमेरा घेऊ’ असं विचारणारी होती, ती बाजूला ठेवली आहेत. बाकीच्यांतले सात प्रश्न इथे घेतो.

प्रश्न : पुण्यात दोन वर्षं लग्नाच्या शूटला दुसरा कॅमेरामन म्हणून जातो. आता कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेरच्या क्लबांत काम हवंय. सहा महिने इन्स्टाग्रामवर क्लबांना मेसेज टाकतोय, एकाचंही उत्तर नाही. सोनी ए७ थ्री आणि २४-७० लेन्स आहे. कॅमेरा बदलू का? (हडपसरहून एक वाचक)

कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. मेसेज चुकीच्या माणसाकडे जातोय. क्लबचं खातं सांभाळणाऱ्याकडे दिवसभर टेबल बुकिंगचे आणि ‘एन्ट्री फ्री आहे का’ असे मेसेज येत असतात. व्हिडिओसाठी पैसे द्यायचा अधिकार त्याला बहुतेक वेळा नसतोच.

या धंद्यात पैसे देणारे चार जण. पहिला क्लब. त्याला भरलेला फ्लोअर, टेबलं, ग्लास दाखवायचे असतात आणि रिकामा कोपरा चुकूनही दिसायला नको असतो. दुसरा प्रमोटर, म्हणजे क्लबकडून ती रात्र घेऊन स्वतःच्या जोरावर लोक आणणारा. पोस्टरवर ‘प्रेझेंट्स’च्या आधी ज्याचं नाव असतं तो. त्याला पुढच्या शनिवारची तिकिटं विकायची असतात, म्हणून रील रविवारी दुपारपर्यंत हवं असतं. मंगळवारी आलेलं रील कितीही देखणं असलं तरी त्याच्या कामाचं नाही. तिसरा डीजे किंवा त्याचा मॅनेजर. त्याचा चेहरा, मिक्सरवरचे हात आणि मागे उसळलेली गर्दी एकाच फ्रेममध्ये दिसली की पुढचं बुकिंग मागायला तो तीच क्लिप पाठवतो. चौथा ब्रँड. तो एजन्सीमार्फत येतो, सगळ्यात जास्त पैसे देतो आणि सगळ्यात उशिरा देतो.

सुरुवात प्रमोटर आणि स्थानिक डीजेपासून करा. महिन्यातून चार नाईट्स करणारा एक प्रमोटर मिळाला तर वर्षाचा पाया तयार होतो. मेसेज सोमवारी किंवा मंगळवारी दुपारी पाठवा. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला मेसेज वाचायला कुणाला उसंत नसते. मजकूर एवढाच : ‘शनिवारची नाईट शूट करू शकतो. ३० सेकंदांचं उभं रील रविवारी दुपारी १२ वाजेपर्यंत. नमुना इथे. एका रात्रीचा दर अमुक, महिन्याच्या चार रात्रींचा तमुक.’ स्वतःच्या पॅशनबद्दल एक ओळही नको.

नमुन्यात लग्नाचं फुटेज अजिबात घालू नका. सप्तपदी पाहून कुणी क्लबचं काम देत नाही. ४० सेकंद पुरेत. पहिल्या तीन सेकंदांत गर्दी, दिवे आणि एखादा ड्रॉप (गाण्यात बीट दणक्यात सुरू होते तो क्षण) यायलाच हवा. क्लबमध्ये प्रवेश नसेल तर पुण्यात अनंत चतुर्दशीची रात्र आहे. लक्ष्मी रोड आणि टिळक रोडवर दुसऱ्या दिवसापर्यंत मिरवणूक चालते. एलईडीच्या भिंती, धूर, नाचणारी माणसं, सतत बदलणारा उजेड, म्हणजे क्लबमधल्या सगळ्या अडचणी तिथे फुकट मिळतात. नवरात्रातला गरबाही चालेल, फक्त आयोजकांना आधी विचारा.

फुकट काम एकदाच करा, आणि ‘ही रात्र विनामूल्य, पुढची या दराने’ असं आधी लिहून पाठवा. दुसऱ्यांदा फुकट गेलात की फुकट हाच तुमचा दर ठरतो.

प्रश्न : क्लबच्या व्हिडिओत काळ्या पट्ट्या वर-खाली सरकतात. एलईडी वॉलवर जाळी दिसते. चेहरे निळेशार होऊन त्यातले बारकावे जातात. सेटिंग कुठे चुकतंय? (कोल्हापूर)

या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत.

पट्ट्यांपासून सुरू करू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. कॅमेरा पाल (५० हर्ट्झच्या देशांतली व्हिडिओ पद्धत) वर ठेवा. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शटर १/५०, ५० फ्रेम्सला १/१००. यूट्यूबवरच्या अमेरिकन व्हिडिओंचं ऐकून ३० फ्रेम्स आणि १/६० ठेवणाऱ्यांच्या पट्ट्या बहुधा इथूनच येतात. पण स्टेजचे एलईडी ‘पार’ (रंग टाकणारे स्थिर दिवे) आणि मूव्हिंग हेड (फिरणारे दिवे) या हिशोबात बसत नाहीत. ते मंद करायचे म्हणजे आतलं सर्किट त्यांना फार वेगाने चालू-बंद करतं, आणि स्वस्त पारमध्ये हा वेग कमी असतो. दिवा जितका मंद, तितकी पट्टी गडद. कॅमेऱ्यात शटर दशांशाने बदलायची सोय असेल (५०.१, ५०.२ अशी) तर स्क्रीनकडे पाहत सावकाश फिरवा, एका जागी पट्टी थांबते किंवा विरते. ती सोय नसेल तर लाइट ऑपरेटरला गाठा आणि समोरचे चार पार मंद करण्याऐवजी पूर्ण उजेडावर, फक्त कमी संख्येने ठेवता येतील का विचारा. काम सुरू व्हायच्या आधी चहा पाजून विचारलंत तर तो हमखास ऐकतो. १०० फ्रेम्सचं स्लो मोशन क्लबमध्ये टाळा. शटर १/१०० वरून १/२०० वर गेलं की उजेड निम्मा होतो आणि लपलेलं मिणमिणणं उघडं पडतं.

स्ट्रोबमध्ये अर्धी फ्रेम पांढरी, अर्धी काळी येते. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो म्हणून ते होतं. त्याला सेटिंग नाही, एडिटमध्ये त्या फ्रेम्स कापायच्या.

वॉलवरची जाळी म्हणजे वॉलच्या ठिपक्यांची आणि सेन्सरच्या ठिपक्यांची टक्कर. फोकस माणसावर आणा, अ‍ॅपर्चर एफ १.८ किंवा २ पर्यंत उघडा, वॉल मऊ झाली की जाळी गेली. नाहीतर दोन पावलं मागे-पुढे व्हा किंवा तिरके उभे राहा.

निळ्या चेहऱ्यांचं कारण एक्स्पोजर मीटर. निळ्या एलईडीचा सगळा उजेड एकाच रंगाच्या चॅनेलमध्ये येतो. मीटर लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तिन्ही चॅनेलचा मिळून अंदाज घेतं आणि ‘अंधार आहे’ म्हणतं, तुम्ही आयएसओ वाढवता आणि निळा चॅनेल फुटतो. कॅमेऱ्यावर किंवा मॉनिटरवर रंगवार ग्राफ मिळत असेल तर तो पाहा, नाहीतर निळ्या प्रकाशात एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमीच ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर कधीच नको. ४३०० केल्विनच्या आसपास बांधून टाका. आणि थोडं थांबायला शिका. प्रत्येक ऑपरेटर दर मिनिट-दोन मिनिटांनी पांढरा किंवा अंबर उजेड टाकतोच, चेहरे तेव्हा घ्यायचे. निळ्यात फक्त आकृत्या घ्याव्यात.

कोल्हापूरहून लिहिताय म्हणून लेझरचंही सांगतो. मिरवणुकीतली लेझर डोळ्यांना घातक असते हे आता सगळ्यांना माहीत आहे. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदी घातली होती. कॅमेऱ्यालाही तीच गत. मिररलेसचा सेन्सर कायम उघडा असतो, किरण सरळ लेन्समध्ये शिरला तर क्षणात आडवी किंवा उभी रंगीत रेघ कायमची उमटते. त्यावर एकच उपाय, सेन्सर बदलणं, आणि तो खर्च वॉरंटीत बसेल अशी आशा धरू नका. किरण डोक्यावरून जातात की गर्दीवर फिरवतात हे ऑपरेटरला आधीच विचारा. गर्दीवर फिरवत असतील तर तेवढा वेळ लेन्स जमिनीकडे.

प्रश्न : कॅमेऱ्याचा ऑडिओ फाटतो. लेव्हल १ वर आणूनही फरक नाही. (ठाणे)

कारण आवाज लेव्हलच्या नॉबपर्यंत पोचायच्या आधीच फाटलेला असतो. डीजेजवळ १०० डेसिबलच्या वरचा आवाज, त्यात बेसचा दाब. कॅमेऱ्याचा बारका माइक आणि त्याचा प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारं सर्किट) तिथेच गुदमरतात.

आवाज मिक्सरमधून घ्या. डीजे मिक्सरच्या मागे ‘रेक आउट’ नावाचे लाल-पांढरे आरसीए सॉकेट असतात, तिथून झूम किंवा टास्कॅम कंपनीच्या छोट्या ऑडिओ रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला वायर. मास्टरचा नॉब फिरवला तरी बहुतेक मिक्सरवर इथला आवाज बदलत नाही. ‘बूथ’मधून (डीजेच्या स्वतःच्या स्पीकरकडे जाणारा आउटपुट) घेऊ नका, डीजे तो नॉब रात्रभर वर-खाली करत असतो. सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलवर येईल असं बसवा, कारण १ वाजता डीजे ११ वाजल्यापेक्षा नक्की जोरात वाजवणार. मिक्सरची वायर थेट कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटमध्ये घालायची झाली तर मधे आवाज उतरवणारी पॅड केबल लागते, नाहीतर पुन्हा तीच फाटाफाट. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर असला तरी निश्चिंत होऊ नका. रेकॉर्डरमध्ये येतानाच सिग्नलचा दाब जास्त असेल तर बिट वाचवत नाहीत.

दोन गोष्टी लोक विसरतात. निवेदकाचा माइक पुष्कळदा डीजे मिक्सरमध्ये नसतो, साउंडवाल्याच्या डेस्कवर जातो, म्हणून तो तिथून वेगळा घ्यावा लागतो. आणि नुसता मिक्सरचा आवाज निर्जीव वाटतो. गर्दीचा ओरडा स्पीकरकडे पाठ करून, अंगाने माइक झाकून वेगळा घ्या आणि एडिटमध्ये थोडा मिसळा.

रील देताना दोन फाइल द्या : एक पूर्ण आवाजासह, दुसरी फक्त गर्दीच्या आवाजाची. डीजेने वाजवलेलं गाणं दुसऱ्याचं असतं, अपलोड केल्यावर प्लॅटफॉर्म आवाज बंद करतं आणि ग्राहक तुम्हाला फोन करतो. दुसरी फाइल असली की तो अ‍ॅपमधलं गाणं स्वतः लावतो. मात्र बिझनेस खात्याला गाण्यांची यादी तोकडी मिळते, हे त्याला आधी सांगा.

इअरप्लग वापरा. ८५ डेसिबलला ८ तास चालतात, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला १५ मिनिटं उरतात. तुम्ही तिथे चार तास उभे असता.

प्रश्न : एका रात्रीचे किती मागायचे? कुणी ३ हजारांत जातं, कुणी २५ हजार सांगतं. (नाशिक)

दुसऱ्याचा दर ऐकून स्वतःचा ठरत नाही. वहीत हिशोब मांडा. समजा कॅमेरा, लेन्स, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा), कार्डं मिळून ३,६०,००० आणि ते तीन वर्षं चालणार : वर्षाला १,२०,०००. लॅपटॉप १,२०,०००, चार वर्षं : ३०,०००. विमा, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, दुरुस्ती मिळून ४०,०००. झाले १,९०,०००. वर्षात पैसे मिळतील अशा रात्री मोजताना शुक्रवार-शनिवारच धरा, त्यातून पावसाळा, श्रावण, परीक्षा वजा करा. ९० उरल्या तरी खूप. म्हणजे स्वतःला एक रुपया न घेता प्रत्येक रात्रीमागे २,१०० रुपये गेले. रात्री दीडला क्लब बंद झाल्यावर घरी यायची कॅब ६००. महिन्याला ४० हजार सुटावेत अशी अपेक्षा असेल तर रात्रीमागे आणखी ५,३३०. बेरीज साधारण ८,०००. आकडे तुमचे घाला, पण रीत हीच. ३ हजारांत जाणारा कॅमेऱ्याची किंमत हळूहळू खातोय आणि त्याला ते तिसऱ्या वर्षी कळतं.

या दरात काय-काय हे मात्र ठरवून टाका : तीन तास शूट, ३० सेकंदांचं एक रील, १५ सेकंदांच्या दोन स्टोरीज, एकदाच दुरुस्ती. आडवा व्हिडिओ, कच्चं फुटेज, त्याच रात्री एडिट यांचे वेगळे पैसे. त्याच रात्री एडिट हवी असेल तर साडेअकरापर्यंतच्या क्लिप्स घेऊन क्लबच्या ऑफिसात बसावं लागतं, म्हणजे शूटला दुसरा माणूस आला. हे बोलून दाखवल्याशिवाय समोरच्याच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : एका इव्हेंट कंपनीने चार महिने पैसे अडकवलेत. कच्चं फुटेजही त्यांचंच म्हणतात. सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर झालं. (मुंबई)

फुटेजचं आधी, कारण तिथे अनेकांचा गैरसमज आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन कुणी फिल्म करून घेतली तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणजे ‘बटण मी दाबलं, फुटेज माझं’ हे पैसे घेतलेल्या कामाला लागू होत नाही. म्हणून पुढच्या वेळी कोटेशनमध्येच दोन ओळी घाला : पूर्ण रक्कम मिळेपर्यंत हक्क माझ्याकडे, नमुना म्हणून वापरायची मुभा मला कायम.

आता पैसे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणंही पुरावा असतं, ते चॅट एक्सपोर्ट करून जपा. बिल पाठवलं नसेल तर आज पाठवा. कित्येक पेमेंट केवळ अकाउंट्स विभागाकडे बिलच नसल्यामुळे लटकतात. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? ती सरकारी पोर्टलवर फुकट होते आणि कामाच्या आधी झालेली असावी लागते. नोंदणी असेल तर एमएसएमईडी कायदा २००६ नुसार लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिराला बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. सुविधा परिषदेकडे (छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणारी सरकारी परिषद) ऑनलाइन तक्रार करता येते. पण त्याआधी कंपनीच्या अकाउंटंटला साधा मेल टाका, खाली उद्यम क्रमांक लिहा. २०२३-२४ पासून सूक्ष्म-लघु उद्योगाचं मुदतीत न दिलेलं बिल कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षीच्या खर्चात धरता येतं. मालक ऐकत नाही तिथे अकाउंटंट ऐकतो.

पुढच्या कामांना तारीख पक्की करतानाच ५० टक्के घ्या आणि उरलेले वॉटरमार्कवाली फाइल दाखवल्यावर, मूळ फाइल देण्याआधी. २०,००० च्या बिलाचे १८,००० आले तर भांडू नका. १० टक्के टीडीएस कापला असेल, तो आयकर पोर्टलवरच्या तुमच्या २६एएस या कर-विवरणात दिसतो आणि रिटर्न भरताना हिशोबात येतो. दिसत नसेल तर भांडा.

प्रश्न : गोव्यात बीच पार्टीवर ड्रोन उडवू का? छोटा आहे. (सावंतवाडी)

‘छोटा’ म्हणजे २५० ग्रॅमच्या आत की बाहेर? त्याच्या वर गेलात आणि पैसे घेऊन उडवताय तर ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनची नोंदणी आणि रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. त्यात गोव्यात दाबोळी हा नौदलाचा तळ आणि मोप्याचा विमानतळ, दोन्हींभोवती प्रतिबंधित पट्टे. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर जागा आधी पाहा. आणि नाचणाऱ्या गर्दीच्या डोक्यावर ड्रोन नेऊच नका. परवानाधारक पायलटला एका संध्याकाळपुरतं बोलवा आणि खर्च बिलात लावा.

प्रश्न : मोठ्या म्युझिक फेस्टिव्हलच्या अधिकृत टीममध्ये शिरायचं कसं? (म्हापसा)

२००७ मध्ये कांदोळीला सनबर्न सुरू झाला, २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर आला, आणि त्यांच्यासोबत ‘आफ्टरमूव्ही’, म्हणजे फेस्टिव्हल संपल्यावर येणारी त्याची छोटी फिल्म, आली. तेव्हापासून मोठे आयोजक एखाद्या प्रॉडक्शन हाउसला संपूर्ण व्हिडिओचं काम देतात. तुम्हाला घेणारा माणूस त्या हाउसमधला मीडिया हेड. मागच्या वर्षीच्या आफ्टरमूव्हीच्या शेवटी किंवा कॅप्शनमध्ये नावं असतात. डिसेंबरच्या कामाला सप्टेंबरात लिहा.

‘मुख्य स्टेज शूट करतो’ असं लिहू नका, त्या जागा जुन्या माणसांच्या असतात. दोन कामांना माणसं कमी पडतात : प्रायोजकांच्या स्टॉलचं शूट आणि डेटा. स्टॉलचं शूट नव्यांना कंटाळवाणं वाटतं, पण फेस्टिव्हलचा पैसा तिथून येतो आणि प्रत्येक प्रायोजकाला स्वतःचा वेगळा व्हिडिओ द्यायचा असतो. लोगो वाचता येईल असा स्थिर शॉट, माणसं वस्तू हातात घेताना, रांग, अंधार पडल्यावर तोच स्टॉल उजळलेला : प्रत्येकी असे आठ-दहा शॉट नीट दिलेत तर पुढच्या वर्षी फोन येतो.

डेटाचं काम म्हणजे मीडिया रूममध्ये बसून कार्डं उतरवणं. फोर-के ५० फ्रेम्स २०० मेगाबिटने तासाला ९० जीबी होतात. सहा कॅमेरे प्रत्येकी दीड तास म्हटलं तरी एका रात्रीचे ८०० जीबी. भरलेल्या कार्डाला लाल टेप, फॉरमॅट केलेल्याला हिरवी, आणि टेप बदलण्याचा अधिकार एकाच माणसाला. फोल्डरचं नाव दिवस, स्टेज, कलाकार, कॅमेरा, कार्ड याच क्रमाने. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाली, चेकसम (कॉपी मूळ फाइलसारखीच आहे हे दाखवणारा आकडा) जुळला, की मगच फॉरमॅट. दुपारी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एका मोबाइलशी जुळवून घ्या. हे राहिलं तर पहाटे तीनला एडिटर एकच ड्रॉप सहा ठिकाणी शोधत बसतो.

शूटला गेलात तर प्रत्येक कलाकाराच्या अटी वेगळ्या. कुणी पहिली तीनच गाणी घेऊ देतो, कुणी कन्सोलसमोर येऊ देत नाही, कुणाचा मॅनेजर पाहिल्याशिवाय क्लिप बाहेर जात नाही. त्या दिवसाच्या अटींचा कागद खिशात हवा. गेटवर सामानाची यादी सीरियल नंबरसह दाखवावी लागते, तीच यादी परत बाहेर पडताना उपयोगी येते.

आणि गोव्याची दमट हवा. एसी खोलीतून थेट बाहेर कॅमेरा काढला की लेन्सवर, कधी आतल्या काचेवरही वाफ धरते, आणि पुसून ती जात नाही. पहिल्या कलाकाराच्या आधी अर्धा तास बॅग बंदच ठेवून बाहेर आणा, मग उघडा.